बाहेर राहिलेली तानुबाई

आप्पांना पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्यंकटरावाच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन बसले. आमच्यात सुतक पाळत नाहीत. व्यंकटराव म्हणाला, "तुमच्यात हे एक बरंय ताई. एकदा माणूस बसवला की सगळे मोकळे."

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून पुरतात, हातात त्याचं इष्टलिंग देऊन. त्यावरचा हा विनोद होता. आपल्या विनोदावर कोणी हसलं की व्यंकटराव तो पुन्हा सांगतो, म्हणून मी नुसती त्याच्याकडे पाहत राहिले. मग तो म्हणाला, "बसा की."

क्लास आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत होता. आप्पा पूर्णा जंक्शनजवळच्या एका लहान स्टेशनाचे मास्तर होते. स्टेशनाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी पूर्णेत घर बांधलं, आणि माझा धाकटा भाऊ अण्णाराव यानं पुढची खोली व्यंकटरावाला भाड्यानं दिली. खोलीत तीन कॉम्प्युटर होते, त्यांतला एक रंगीत पडद्याचा. चपला बाहेर काढाव्या लागत, कारण धुळीनं मशिनला व्हायरस होतो असं व्यंकटराव विद्यार्थ्यांना शिकवी. दसऱ्याला तो रंगीत पडद्याला कुंकू लावी. ते पुढच्या दसऱ्यापर्यंत पुसायचं नाही अशीही त्याची समजूत होती. आप्पांनी दोन वर्षं त्या कुंकवाच्या बोटाखाली परग्रह पाहिला.

आप्पा खेळत तो गेम कुठून आला कोणास ठाऊक. हैदराबादहून कोणीतरी फ्लॉपीवर उतरवून आणलेला. खरं नाव वाटेत कुठं गळून पडलं होतं. फ्लॉपीवर व्यंकटरावाच्या अक्षरात 'स्पेस–२' एवढंच लिहिलेलं होतं. लाल धुळीचा एक ग्रह, त्यावर काचेच्या घुमटाखाली एक वसाहत, घुमटाला एकच दरवाजा. सुरुवातीला आपण कोण ते निवडायचं: सेनापती, व्यापारी, वैद्य किंवा दरवाजा सांभाळणारा. मग तीन साथीदारांना नावं द्यायची. पुढं जे होईल ते त्या चौघांचं. त्यातला कोणी मेला की गेम स्वतःच जतन केलेलं सगळं पुसून टाकी. मागं जायची सोय नव्हती.

पूर्णेतले सगळे खेळणारे सेनापती होत. दरवाजा सांभाळणारा एकट्या आप्पांनी निवडला. त्याच्याकडे बंदूक नसते.

"मास्तर," व्यंकटराव त्यांना म्हणाला होता, "चाळीस वर्षं झेंडी दाखवून मन भरलं न्हाई व्हय? अंतराळात गेलाव तर तिथं बी गेटावरच?"

"सेनापती लय हायेत गावात," आप्पा म्हणाले. "दार कोण बघणार?"

साथीदारांना त्यांनी आपल्या स्टेशनावरच्या माणसांची नावं दिली. भुजंग हा सांधेवाला, बन्सीधर हा पोर्टर आणि तानुबाई ही उन्हाळ्यात गाड्यांना पाणी पाजणारी. व्यंकटरावानं स्वतःच्या साथीदारांना टायगर, कोब्रा आणि व्यंकट-टू अशी नावं दिली होती. बन्सीधरला अंतराळाचा पोशाख घालून किरणांची बंदूक घेतलेला पाहून तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पुढं कित्येक दिवस क्लासात कोणी आलं की तो त्याला मागं नेऊन दाखवी: "हे बघा, मास्तरांचा स्टाफ."

मी परभणीला कॉलेजात शिकवते. रविवारी घरी आले की आप्पांच्या शेजारी स्टूल घेऊन बसत असे. लोकांना वाटे मी त्यांना इंग्रजी सांगायला बसते. आप्पांचं इंग्रजी माझ्याहून चोख होतं. मी बसत असे कारण मला ते आवडत होतं, आणि हे मी परभणीत कोणालाही सांगितलं नव्हतं. तिथं आमच्या स्टाफरूममध्ये माणसं कादंबरी वाचण्याचीही लाज बाळगतात.

आप्पा वाईट खेळत. गुण मिळवायच्या जागा ते ओलांडून जात. सुरुवातीलाच दरवाज्याशी एक म्हातारा येतो. त्याच्या पायांत चांगले बूट असतात आणि तो पाणी मागतो. आप्पांनी त्याला पाणी दिलं. त्यातून काहीच झालं नाही. म्हातारा "बरं" म्हणून निघून गेला, गुण वाढले नाहीत, वाद्यं वाजली नाहीत. मी आप्पांना म्हटलं, "फुकट गेलं की पाणी."

"न्हाई गेलं," ते म्हणाले. "त्यानं पिलं."

दुसरी एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आप्पा कधीही साथीदार बाहेर असताना खेळ थांबवत नसत. चौघं आत, दरवाजा बंद, मगच उठायचे. व्यंकटराव चहाला हाका मारून दमायचा. ड्यूटी सोडताना लाइनीवर गाडी ठेवून मास्तर घरी जात नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

डिसेंबरात, ते गेले त्याच्या आदल्या दुपारी मात्र व्यंकटरावानं त्यांना उठवलं. संध्याकाळची बॅच वेळेआधी आली होती आणि रंगीत मशिन तिला दाखवायचं होतं. आप्पांनी जिथं होता तिथं खेळ जतन केला. रात्री जेवताना ते अण्णारावला म्हणाले, "तानुबाई बाहेर हाय. उद्या आणतो तिला." अण्णारावला काही कळलं नाही. पहाटे पूजेला बेल तोडताना आप्पा अंगणात खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत.

मी पोचले तेव्हा अण्णारावनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "अक्का, शेवटी त्यांना भ्रम झाल्ता. तानुबाई बाहेर हाय म्हणायलते. ती म्हातारी तर तिच्या गावात हाय."

भ्रम नव्हता. मला एकटीला कळलं की तानुबाई खरंच बाहेर होती.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी क्लासात जाऊन बसले.

व्यंकटरावानं मशिन लावून दिलं. "बघा, पण संक्रांतीपर्यंतच हां. त्या दिवशी स्पर्धा ठेवलीय. नवा गेम आणतोय, त्याला जागा लागते. हे सगळं पुसावं लागंल." मग त्याला वाटलं की शोकात असलेल्या बाईशी जरा मोठ्या मनानं बोलावं. "पाहिजे तर मास्तरांचा खेळ फ्लॉपीत भरून देतो. आठवण म्हणून ठेवा."

"फ्लॉपीत ठेवून काय करू? लोणचं?"

"म्हणजे काय ताई, भावना असतेत माणसाच्या."

तानुबाई फ्लॉपीत गेली असती तर ती कायमचीच बाहेर राहिली असती, हे त्याला समजावून सांगणं मला शक्य नव्हतं. शक्य असतं तरी मी सांगितलं नसतं.

त्याची दुसरी सूचना जास्त हुशारीची होती. जतन केलेल्या खेळाची नक्कल करून ठेवायची, बाई मेली की नक्कल परत घालायची, जमेपर्यंत मारत राहायचं. पूर्णेतले सगळे सेनापती असेच जिंकले होते. मी नको म्हटलं. तसं करून ती आत आली असती, तर ती आत येण्याला काय अर्थ राहिला असता हे मला अजूनही कोणी सांगितलेलं नाही.

पडद्यावर घुमट होता. दरवाज्याच्या खोलीत सांभाळणारा भिंतीला पाठ टेकून बसलेला. गेममध्ये तो नेहमी बसलेलाच असे. आदल्या दिवशी खड्ड्यात पाहिलेल्या माणसासारखा. 

मग परिस्थिती वाचली. दुसऱ्या एका वसाहतीनं काही माणसांना बाहेर काढलं होतं आणि आप्पांनी त्यांना आणायला तानुबाईला पाठवलं होतं. ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. परत येताना धुळीचं वादळ उठलं होतं. तिच्या टाकीतली हवा निम्म्याखाली होती आणि ती हवा त्या माणसांनाही पुरवायची होती.

मी दरवाजा उघडायचा हुकूम दिला, म्हणजे ती आल्यावर थांबायला नको. उत्तर आलं: चावी नाही.

सांभाळणाऱ्याचे खण पाहिले. चावी नाही. भुजंगची पिशवी पाहिली, बन्सीधरची पाहिली. गेममध्ये हुकूम दिला की वेळ सरतो. प्रत्येक शोधाबरोबर कोपऱ्यातला तानुबाईच्या हवेचा आकडा खाली येत होता. मी हात आखडता घेतला.

व्यंकटराव पाठीमागे येऊन उभा राहिला होता. "चावी हरवली मास्तरांनी," तो म्हणाला, आणि कपाळावर बोटानं टिचकी मारली. "शेवटी शेवटी जरा... होतंच वयात. सोडा ताई. दरवाजा बंदच ठेवा. आतली हवा पुरवा, तिघांवर गेम निघतो. फक्त तिला मेली म्हणून जाहीर होऊ द्यायचं न्हाई. दूर ठेवायचं, नजरेआड. मग खेळ पुसत न्हाई."

"म्हणजे ती मरू द्यायची, पण नोंद होऊ द्यायची नाही."

"स्ट्रॅटेजी म्हणतेत त्याला," व्यंकटराव म्हणाला.

मी मशिन बंद केलं. तो नोंद होऊ न देणाऱ्यांच्या घरातला आहे, हे मला माहीत होतं.

ते आता सांगते. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्ध वस्त्यांवर माणसं चालून गेली. आप्पांच्या स्टेशनाजवळच्या वस्तीतली काही घरं संध्याकाळी पोरंबाळं घेऊन स्टेशनावर आली. तानुबाई त्यांत होती. आप्पांनी त्यांना मालाच्या गोदामात घेतलं आणि कुलूप लावलं. थोड्या वेळानं गावातली माणसं चावी मागायला आली. आप्पा म्हणाले, चावी माझ्याकडे नाही. त्यांनी त्यांचे खिसे पाहिले, ऑफिसातले खण उपसले. चावी सापडली नाही. गोदामाचं दार लोखंडी होतं. पहाटे पोलीस आले, पण गावच्या पाटलानं कशाचीच नोंद होऊ दिली नाही. मी तेव्हा बी.ए.ला होते, नांदेडला. सुट्टीत घरी आल्यावर आप्पांना विचारलं की चावी कुठं होती. ते म्हणाले, "जिची होती तिच्यापाशी." मी पुढं विचारलं नाही. ते सांगणाऱ्यातले नव्हते.

चावी मागायला आलेल्यांत कॉलेजातला एक सडपातळ मुलगा होता. त्यानं खण उपसले होते. आज त्याचं पोट सुटलं आहे आणि तो मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. आप्पांनी अण्णारावला त्याला खोली देऊ देऊ नये असं मी म्हटलं होतं. आप्पा म्हणाले, "डोळ्यापुढं राहील." मला वाटलं, आप्पा क्षमा करायला लागले. क्षमा त्यांना फारशी जमत नसे. आता वाटतं, ते नुसतं लक्ष ठेवत होते.

जानेवारी लागला. परभणीचं कॉलेज संक्रांतीपर्यंत बंद ठेवलं होतं, कारण त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावाचं जाहीर होणार अशी बातमी होती. पूर्णेत राखीव पोलिसांच्या गाड्या आल्या. बस धड सुटत नव्हत्या. व्यंकटरावाकडे बॅच येईना, म्हणून त्याच्याकडे बोलायला वेळ होता.

स्पर्धेसाठी त्यानं एक भाषण तयार केलं होतं: 'उत्तम विज्ञान-गेम कसा असावा'. ते त्यानं मला वाचून दाखवलं. मी भाषा तपासावी अशी त्याची इच्छा होती. उत्तम गेममध्ये किमान दोनशे छप्पन रंग असावेत. शस्त्रं भरपूर असावीत. ग्रह जितके जास्त तितका गेम थोर. खेळणाऱ्याला पदोपदी बक्षीस मिळावं, म्हणजे त्याचा उत्साह टिकतो. आणि शेवटी नायकाचा सत्कार व्हावा.

"कसंय?"

"शुद्धलेखन ठीक आहे," मी म्हटलं.

"आन् विचार?"

"विचार कुठं आहेत ते दाखवा, मग बघते."

त्यानं हसून घेतलं. व्यंकटरावासारख्या माणसांशी बोलताना ही अडचण असते. अपमान त्यांना थट्टा वाटतो आणि आपला शब्द वाया जातो.

त्याला मी सांगितलं नाही, पण मला त्या दिवसांत त्याच प्रश्नाचं उत्तर सुचत होतं. मी आयुष्यभर वाचत आले. वाचताना दुसऱ्याच्या पोटात शिरता येतं, पण त्याच्या जागी काही करता येत नाही. बाईनं चूक केली की आपण पानावर हळहळतो आणि उलटतो. या गेममध्ये पुढचं पान आपल्यालाच ठरवावं लागत होतं आणि चुकलं तर त्याखाली माणूस सापडत होता. रंग सोळाच होते, चित्रं ओबडधोबड. तरी तो मला निरुपयोगी गोष्ट करू देत होता, ती केल्याबद्दल पाठ थोपटत नव्हता, आणि केलेलं विसरत नव्हता. माझ्या ओळखीची बहुतेक माणसं याच्या नेमकी उलट आहेत.

एक वाट मी पाहिली नव्हती. साथीदाराची पिशवी तो बाहेर असताना आतून दिसत नाही. ती पाहायची तर आपली भूमिका सोडून त्याची घ्यावी लागते. आणि एकदा सोडली की तो परत येईपर्यंत आपली जागा परत मिळत नाही. व्यंकटरावाच्या भाषणात याबद्दल एक ओळ होती: सुज्ञ खेळाडूनं मुख्य पात्र कदापि सोडू नये. पूर्णेत कोणीही ते सोडलं नव्हतं. सेनापतीला पाणीवाली व्हायची काय गरज?

मला सांभाळणाऱ्याला सोडवत नव्हतं. तो आप्पा होता. मी रोज मशिन लावून त्याच्याकडे बघत होते आणि बंद करत होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी खरी तानुबाई आली. आप्पा गेल्याचं तिला उशिरा कळलं होतं, आणि बस नाही म्हणून ती रुळाच्या कडेनं चालत आली होती. घरात अण्णारावची बायको तिच्याजवळ बसली, चहा झाला, रडून झालं. मग तिनं विचारलं, "लेक कुठंय?" आणि ती सरळ क्लासात आली. दारात तिनं चपला काढल्या, पदर सावरला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून स्टुलावर बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"काय करायलीस?"

"आप्पांचं एक काम राहिलंय, मावशी."

"ते तांबडं काय हाय? शेत?"

"दुसरा ग्रह."

"हां," ती म्हणाली, जणू मी लाइनीवरचं पेडगाव म्हटलं. "आन् ही अक्षरं?"

मला खोटं बोलावंसं वाटलं नाही. "ते तुमचं नाव आहे. आप्पांनी तुम्हाला तिथं पाठवलंय. तुम्ही बाहेर अडकलात."

तानुबाई पदर तोंडाला लावून हसली. खूप हसली. "मास्तर बी. जित्तेपणी डब्यातल्या लोकायला पाणी पाजायला पाठविलं, आन् आता हितं. एकली हाय का मी?"

"काही माणसं आहेत बरोबर. त्यांना त्यांच्या गावानं काढलंय."

तिचं हसू ओसरलं. "मंग आण की आत," ती म्हणाली. "बसलीस कामून?"

मी सांभाळणाऱ्याची भूमिका सोडली आणि तानुबाईची घेतली.

पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळला. घुमट दूर होता, बोटाच्या पेराएवढा. दोन वर्षं मी तो दरवाजा आतून पाहत होते. बाहेरून तो किती लहान दिसतो हे मला माहीत नव्हतं.

मी तिची पिशवी उघडली. दोरी, एक रिकामी बाटली, आणि चावी.

आता लिहिताना वाटतं की मला हे आधीच कळायला हवं होतं. एकेरी लाइनीवर गाडी सोडताना मास्तर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा देतो. तो ज्याच्या हातात, त्याचा रस्ता. तो पुढच्या स्टेशनात जमा होईपर्यंत मास्तरालाही दुसरं कोणी त्या रुळावर सोडता येत नाही. आप्पांनी बाहेर जाणाऱ्या बाईला दरवाज्याची चावी दिली होती. आतल्या कोणी नंतर मन बदललं, घाबरलं, हिशेब केला, तरी तिला बाहेर ठेवता येणार नव्हतं. स्वतः आप्पांनाही नाही.

"चावी बाहेर दिली?" मागून व्यंकटरावाचा आवाज आला. तो चहाचा कप घेऊन उभा होता. "असं कुठं असतं का? हे तर..."

 त्यानं पडद्याकडे पाहिलं. मग तानुबाईकडे.

तानुबाईनं मान वळवून त्याला नीट न्याहाळलं. "व्यंकटराव न्हवं का तुमी? पाटलाचे?" ती म्हणाली. "तवा लय बारीक होता."

व्यंकटरावानं कपातला चहा पिऊन टाकला. तो अजून गरम असावा.

"मावशी," मी विचारलं, "त्या दिवशी गोदामाची चावी..."

"माझ्या कमरंला," तानुबाई म्हणाली. "खिडकीच्या गजातून आत टाकली मास्तरांनी, कुलूप आतून बी उघडायचं. म्हणले, तानुबाई, मी आलो तरी मला इचारल्याबिगर उघडू नको. पहाटं पोलीस आले तवा मास्तर भायेरून म्हणले उघड. मी म्हणलं, आधी तुमचं नाव सांगा." ती पुन्हा हसली. "सांगितलं की त्यांनी. पूर्ण नाव सांगितलं. बापाच्या नावासगट."

व्यंकटरावानं रिकामा कप मशिनवर ठेवला. त्याच्या भाषणात या प्रसंगासाठी वाक्य नव्हतं.

मी चालायला लागले. वादळात प्रत्येक पाऊल हवा खात होतं आणि माणसं मागं पडत होती. दर थोड्या वेळानं गेम विचारी: थांबायचं की पुढं जायचं? थांबलं की हवा जाई, न थांबलं की माणूस. तानुबाई पडदा वाचू शकत नव्हती, पण प्रश्न आला की माझ्या आवाजावरून ओळखी आणि म्हणे, "थांब. पोरगं हाय त्यांच्यात." पोरगं होतं की नाही मला माहीत नव्हतं. मी थांबत होते.

घुमट तळहाताएवढा झाला तेव्हा हवा संपत आली. आकडा लाल झाला. पोचणार नव्हतो.

"त्यांना सोडा ताई," व्यंकटराव हळूच म्हणाला. सवय असते.

तेव्हा मागं पडलेल्यांतला एक जण पुढं आला. गेममध्ये त्याचं वर्णन आलं: म्हातारा, पायांत चांगले बूट. त्यानं आपली राखून ठेवलेली टाकी तानुबाईच्या टाकीला जोडली. म्हणाला, तुमच्या दारावरच्या माणसानं मला एकदा पाणी दिलं होतं. एवढंच. वाद्यं वाजली नाहीत.

"हा कोण?" व्यंकटराव म्हणाला. "हा माझ्या गेमात कधी आला न्हाई."

"तुम्ही त्याचं काय केलं होतं?"

त्यानं आठवून पाहिलं. "सुरुवातीला एक थेरडं भेटतं. त्याचे बूट चांगले असतेत, म्हणून मी..." त्यानं बोटाची बंदूक केली, आणि मग ते बोट कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

दोन वर्षं हा माणूस तो गेम पुनःपुन्हा जिंकत होता आणि त्यानं तो पाहिलाच नव्हता. मी त्याच्यावर चिडले नाही. जो दारातून आत आला नाही त्याच्यावर चिडणार काय?

दरवाज्याशी पोचल्यावर गेमनं विचारलं, उघडायचं का. मी तानुबाईला कोणतं बटण ते दाखवलं. तिनं लुगड्याला बोट पुसलं आणि दाबलं. माणसं एकेक करून आत गेली. ती सगळ्यांत शेवटी. आतली हवा कमी झाल्याची सूचना आली, गुण शून्याखाली गेले. सांभाळणारा भिंतीला टेकून बसलेला होता. त्यानं तिच्याकडे पाहून एकच वाक्य म्हटलं, जे तो कोणीही परत आलं की म्हणत असे: तू आलीस, आता मला मोजायचं राहिलं नाही.

आप्पांनी ते वाक्य दर वेळी मोठ्यानं वाचलेलं होतं. मी मनात वाचलं.

"झालं?" तानुबाईनं विचारलं.

"थोडं राहिलंय." सांभाळणाऱ्याला झोपायला पाठवायचं तर दरवाज्याचा चार्ज दुसऱ्या कोणाला द्यावा लागतो. आप्पांनी तो कधीच कोणाला दिला नव्हता. गेमनं नाव विचारलं. मी तानुबाईचं लिहिलं.

"मास्तरांचा चार्ज तुम्हाला दिलाय," मी तिला सांगितलं.

"आता गं बया," ती म्हणाली. "पेन्शन हाय का त्याला?"

पडद्यावरचा माणूस भिंतीपासून उठला, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि आतल्या खोलीत गेला. त्याच्या जागी ती बसली. चावी तिच्या पिशवीतच राहू दिली. मग मी खेळ जतन केला, सवयीनं, आणि उठले.

व्यंकटराव अजून तिथंच उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मला वाटलं, पंधरा वर्षांनी का होईना, या माणसाला शब्द सापडतोय. मी वाट पाहिली. तानुबाईही चपला पायात सरकवता सरकवता थांबली.

"ताई," तो म्हणाला, "शेवटी गुण किती झाले?"

"पुसून टाका," मी म्हटलं. "आता आत सगळे आहेत."